क्रोशाचा गोल रुमाल सपाट का बसत नाही: झालर आणि वाटी यांचे निवारण

आमच्या सोसायटीत दर शनिवारी दुपारी क्रोशे विणणाऱ्या आम्ही दहाबाराजणी एकत्र बसतो. कोणी रुखवतासाठी विणत असते, कोणी समईखालच्या आसनासाठी, तर कोणी तांब्यावर झाकायच्या मणी लावलेल्या जाळीसाठी. या बैठकीत माझ्या हातात सर्वांत जास्त वेळा जो बिघाड येतो तो एकच आहे: गोल रुमाल टेबलावर ठेवला की सपाट बसत नाही. आतापर्यंत मी असे इतके रुमाल तपासले आणि उसवले आहेत की कोणती गोष्ट आधी पाहावी आणि कोणती नंतर, याचा एक क्रम मनात पक्का झाला आहे. तो क्रम येथे लिहीत आहे. पूर्ण रुमाल उसवण्याआधी तो पाळला, तर निम्म्याहून अधिक वेळा उसवण्याची गरजच पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

लक्षणे

रुमाल कठीण आणि सपाट पृष्ठभागावर ठेवून आडव्या उजेडात पाहावा. कडेला लाटा उठत असतील, म्हणजे कड एका जागी टेकते आणि शेजारी उचलली जाते असे दिसत असेल, तर त्याला आम्ही झालर पडणे म्हणतो. कड सगळीकडून सारखीच वर येत असेल आणि मधला भाग टेकलेला असेल, तर ती वाटी झाली. उलट कड टेकलेली आणि मध्य घुमटासारखा फुगलेला असेल, तर तीही वाटीच, फक्त पालथी. मात्र अशा वेळी दोष बहुधा पहिल्या तीनचार फेऱ्यांत असतो. गोल विणायला घेतलेला रुमाल षट्कोनी दिसू लागणे हे चौथे लक्षण. त्याचे कारण अगदी साधे असते: प्रत्येक फेरीतील वाढवलेला टाका आधीच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर आलेला असतो. वाढीच्या जागा एकाआड एक फेरीत थोड्या सरकवल्या की कोपरे नाहीसे होतात. फेरी जोडल्याची रेघ सरळ न जाता एका बाजूला कलत जाते, अशी तक्रारही अनेकजणी घेऊन येतात, पण तो दोष नव्हे. क्रोशाचा टाका खालच्या टाक्याच्या नेमका डोक्यावर बसत नाही, किंचित बाजूला बसतो, आणि फेरीगणिक ते अंतर साठत जाते.

झालर आणि वाटी ही एकाच हिशेबाची दोन टोके आहेत, आणि तो हिशेब समजला की पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते आपोआप कळते. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सुमारे ६.२८ पट असतो. प्रत्येक फेरी त्रिज्येत एका टाक्याच्या उंचीची भर घालते, म्हणून परिघातही त्या उंचीच्या ६.२८ पट भर पडलीच पाहिजे. मुका खांब, म्हणजे सुईवर आधी दोरा न घेता घातलेला बुटका टाका, जवळपास जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून त्याच्या फेरीत ६ टाके वाढवतात. साध्या खांबाची, म्हणजे सुईवर आधी एकदा दोरा घेऊन घातलेल्या टाक्याची, उंची रुंदीच्या साधारण दुप्पट असते, म्हणून तेथे १२ वाढतात. या दोहोंच्या मधल्या अर्ध्या खांबाला ८ पुरतात. वाढ यापेक्षा जास्त झाली की जादा कापडाला बसायला जागा उरत नाही आणि ते लाटांनी वर येते; कमी झाली की कड आत ओढली जाते.

पहिली तपासणी: दोन फेऱ्या थांबून पाहावे

हिला वेळही लागत नाही आणि पैसाही. जाळीच्या नक्षीचे रुमाल, विशेषतः अननसाची नक्षी, मधल्या काही फेऱ्यांत झालर पडल्यासारखे दिसतातच. अननसाच्या तळाशी एकाच कमानीत, म्हणजे साखळ्यांच्या फासात, बरेच खांब एकदम घातले जातात, आणि पुढच्या फेऱ्यांत अननस निमुळता होत गेला की ती जादा रुंदी जिरते. नमुना नक्षीचा असेल तर दोषाचा निर्णय करण्याआधी आणखी दोनतीन फेऱ्या विणाव्यात. विणकाम सगळे खांबांचे, भरीव असेल, तर मात्र थांबू नये, कारण तेथे झालर आपोआप जिरत नाही, ती वाढतच जाते.

दुसरी तपासणी: तळहात आणि ओले कापड

रुमाल टेबलावर ठेवून तळहाताने मध्यापासून कडेकडे हलकेच दाबत जावे. दाबल्यावर कुठेही घडी एकमेकीवर न चढता तो सपाट होत असेल, तर दोष विणीत नाही, फक्त रुमालाच्या बसण्यात आहे, आणि तो धुऊन, ताणून, टाचण्यांनी टाचल्यावर जातो. हातात फिरत राहिलेला सुती दोरा पिळाने आखडलेला असतो. पाणी लागले की तो सैल होतो आणि ज्या आकारात वाळेल तो आकार धरतो. म्हणूनच विणून नुकत्याच झालेल्या रुमालाबद्दल, तो एकदा धुतल्याशिवाय, मी कधीच मत देत नाही.

कोमट पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी घालून वीसेक मिनिटे भिजवावे, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि जाड थर्माकोलवर पातळ प्लास्टिक आणि पांढरे कापड घालून त्यावर पसरावे. आधी मध्य टाचावा, मग समोरासमोरची दोन टोके, मग त्यांना काटकोनातली दोन, मग त्यांच्या मधली चार. ओळीने एका बाजूने टाचत गेले तर रुमाल त्या बाजूला ओढला जातो. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. साध्या टाचण्यांच्या गंजाचा डाग सुती दोऱ्यातून सहज जात नाही. लाल किंवा गडद दोरा असेल तर भिजवण्यापूर्वी ओला पांढरा कपडा त्यावर दाबून रंग जातो का ते पाहावे. थर्माकोलवर टाचलेल्या रुमालावर इस्त्री कधीही फिरवू नये. थर्माकोल वितळून दोऱ्याला चिकटतो. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागले तरी पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढू नयेत.

खळ हा उपाय नव्हे, ती केवळ आधार देते. खळीने कडक केलेला वाकडा रुमाल कडक आणि वाकडाच राहतो. तरीही द्यायची असेल तर आरारुटाची किंवा साबुदाण्याची पातळ खळ द्यावी. पूर्वी साखरेच्या पाकाचे पाणी देण्याची पद्धत होती, तिच्यामुळे मुंग्या येतात आणि दमट हवेत रुमाल चिकट होतो. वर्षभरासाठी कपाटात ठेवायचा रुमाल खळ धुऊन काढूनच ठेवावा, कारण खळीवर कसर लागते.

दाबताना घडी घडीवर चढत असेल, किंवा वाटी दाबली की कुठेतरी ताण येऊन टाके उघडत असतील, तर धुण्याने ते जाणार नाही. पुढे जावे.

तिसरी तपासणी: दोरा आणि पट्टी

यासाठी एक वेगळ्या रंगाचा दोरा आणि मोजपट्टी एवढेच लागते. मध्यापासून एका फेरीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे, त्याला ६.२८ ने गुणावे, आणि मग त्याच फेरीच्या कडेवरून दोरा लाटांच्या चढउतारासकट न ओढता फिरवून त्याची लांबी मोजावी. त्रिज्या ९ सेंटिमीटर असेल तर परीघ साडेछप्पन्न सेंटिमीटरच्या आसपास हवा. दोरा ६१ भरला तर झालर, ५३ भरला तर वाटी. सेंटिमीटर-अर्धा सेंटिमीटरचा फरक टाचण्यांनी निघतो, त्यापुढचा निघत नाही.

खरा उपयोग पुढेच आहे. हे मोजमाप बाहेरच्या फेरीवर करून थांबू नये. दर तीन फेऱ्या आत येत पुन्हा करावे. ज्या फेरीपर्यंत हिशेब जुळतो आणि जिच्यापासून तो सुटतो, तेथेच चूक आहे. झालर डोळ्यांना दिसते त्याच्या तीनचार फेऱ्या आधी ती सुरू झालेली असते, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवून उसवणाऱ्या बहुतेकजणी म्हणूनच चुकीच्या जागी थांबतात आणि तीच चूक पुन्हा विणतात. चुकीच्या फेरीत रंगीत दोऱ्याची एक गाठ बांधून ठेवावी.

चौथी तपासणी: टाके मोजणे

आता गाठ बांधलेल्या फेरीपासून मागेपुढे दोन फेऱ्यांचे टाके मोजावेत. दर १० टाक्यांनंतर रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवला की मोजणी चुकत नाही आणि मध्येच कोणी हाक मारली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. साध्या खांबांच्या रुमालात आकडे १२, २४, ३६, ४८, ६० असे यायला हवेत.

नव्याने शिकणाऱ्यांची एक चूक इतकी ठरलेली आहे की आकडे ऐकूनच ती ओळखता येते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, तिसऱ्या फेरीत एकाआड एक टाक्यात दोन, हे बरोबर असते. पण पुढेही तोच एकाआड एकचा नियम चालू ठेवला तर ३६ नंतर ४८ ऐवजी ५४ येतात आणि त्यानंतर ६० ऐवजी ८१. वाढीच्या मधले अंतर प्रत्येक फेरीत एकेका टाक्याने वाढवायचे असते. ते तसेच ठेवले की परीघ गुणाकाराने फुगतो आणि कोबीच्या पानासारख्या चुण्या पडतात. हीच चूक मुद्दाम आणि नियमाने करून कॉर्नेल विद्यापीठातील मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ साली अतिपरवलयी, म्हणजे सगळीकडे अशाच चुण्या पडत जाणाऱ्या, पृष्ठभागाचे क्रोशाचे नमुने विणले आणि विद्यार्थ्यांना ती अवघड भूमिती हाताला लागेल अशी करून दिली. झालर पडली म्हणून रडवेली झालेली एखादी मुलगी बैठकीत आली की मी तिला हे आवर्जून सांगते, कारण तिच्या हातातली वस्तू अर्थहीन नाही, फक्त तिला हवी ती नाही.

आकड्यात प्रत्येक फेरीला एकच टाका कमी किंवा जास्त येत असेल तर फेरीचा आरंभ पाहावा. सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरलेल्या असतात, त्यामुळे पुढचा खांब त्यांच्या मुळाशी न घालता शेजारच्या टाक्यात घालायचा असतो. मुळाशीही घातला तर फेरीगणिक एक टाका वाढतो. उलट फेरीचा शेवटचा टाका जोडटाक्याच्या मागे दडून बसतो आणि राहून जातो, तेव्हा एक कमी होतो. एका टाक्याने काय होणार असे वाटते, पण १२ च्या जागी दर फेरीला ११ वाढू लागले की पंधराव्या फेरीपर्यंत वाटी स्पष्ट दिसते. तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत खुणेची सेफ्टी पिन अडकवावी आणि फेरी तेथेच जोडावी.

पाचवी तपासणी: नमुना ब्रिटिश की अमेरिकी

टाक्यांची संख्या नमुन्याशी तंतोतंत जुळते आणि तरीही रुमाल बिघडला आहे, अशा वेळी मी सर्वांत आधी नमुन्याची भाषा पाहते. इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ असे लिहिले असेल तर ब्रिटिश पद्धतीत त्याचा अर्थ मुका खांब होतो आणि अमेरिकी पद्धतीत साधा खांब. ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणजे आपला साधा खांब, तर अमेरिकी ‘ट्रेबल’ म्हणजे सुईवर दोनदा दोरा घेऊन केलेला उंच खांब. घरातल्या आईच्या किंवा आजीच्या वेळच्या पुस्तकांवर ब्रिटिश पद्धत आढळते आणि इंटरनेटवरून उतरवलेले नमुने बहुधा अमेरिकी असतात, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे.

रुमालाकडे पाहूनही हे कळते. अमेरिकी नमुना ब्रिटिश समजून विणला तर टाका बुटका पडतो, त्रिज्या पुरेशी वाढत नाही, वाढ मात्र उंच टाक्याच्या हिशेबाने होत राहते आणि झालर पडते. ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून विणला तर टाका उंच होतो आणि वाटी होते. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला असेल तर तो बहुधा अमेरिकी आहे, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका वापरत नाहीत. चिन्हांचा आलेख दिलेला असेल तर शब्द सोडून आलेखच प्रमाण मानावा. त्यातली चिन्हे दोन्ही देशांत सारखीच असतात.

सहावी तपासणी: साखळ्या आणि कमानी

जाळीच्या रुमालात परीघ खांबांपेक्षा साखळ्यांनीच अधिक भरलेला असतो. कमानीत ५ साखळ्यांऐवजी ६ घातल्या गेल्या आणि फेरीत ४० कमानी असल्या, तर ४० साखळ्या जास्त झाल्या. एक साखळी २ मिलिमीटरची धरली तरी परिघात ८ सेंटिमीटर शिरले. गेल्या वर्षी रुखवतासाठी विणलेला एक पांढरा रुमाल माझ्याकडे आला. खांब सर्व बरोबर, नमुना बरोबर, आणि तरीही नवव्या फेरीपासून लाटा. दोरा फिरवून फेरी सापडली, पण साखळ्या मोजल्या तर त्याही बरोबर निघाल्या. भिंगाखाली धरल्यावर दिसले की आठव्या फेरीपर्यंतच्या साखळ्यांतून सुईचे टोक जेमतेम जात होते आणि नवव्या फेरीपासूनच्या साखळ्यांतून सुई दांड्यापर्यंत आत शिरत होती. विचारल्यावर कळले की लग्नाची तारीख जवळ आल्यामुळे त्या ताईंनी पुढचे सगळे रात्री, झोपेच्या आधी, घाईने विणले होते. अशा ठिकाणी प्रत्येक कमानीतील एक साखळी कमी करून पुढे विणले तर सपाटपणा परत येतो. पण हात पूर्ववत येणार असेल तर मात्र नमुन्याला हात लावू नये.

सातवी तपासणी: आपला हात

ही तपासणी इतकी मागे ठेवली आहे ती अवघड आहे म्हणून. खांब विणताना सुई खालच्या टाक्यात घालून दोऱ्याचा पहिला फेटा वर ओढतो, त्याच फेट्याच्या उंचीवर पूर्ण खांबाची उंची ठरते. काहीजणी तो फेटा वर उचलतात, त्यांचे खांब उंच होतात. काहीजणी तो लगेच खाली खेचतात, त्यांचे खांब बुटके आणि रुंद होतात. रुंदीच्या दुप्पट उंची हा हिशेब ज्यांच्या हाताला लागू पडत नाही, त्यांना १२ ची वाढही लागू पडत नाही. माझ्या स्वतःच्या हाताला भरीव खांबांत ११ पुरतात, १२ घातले की दहाव्या फेरीनंतर हलकी लाट येते. दोरा सुईवर वरून न घेता खालून ओढून घेण्याची सवय असेल तर टाका आणखी आखडतो, तीही तपासावी.

आपला हात ओळखण्यासाठी १० खांबांच्या १० ओळींचा चौकोनी तुकडा विणून त्याची उंची आणि रुंदी मोजावी. उंचीला रुंदीने भागून येणाऱ्या आकड्याला ६.२८ ने गुणले की दर फेरीला किती टाके वाढवायचे ते मिळते. हा तुकडा विणायला अर्धा तास लागतो आणि पुढच्या प्रत्येक रुमालात उपयोगी पडतो.

सुई बदलणे हा उपाय पुष्कळजणी सर्वांत आधी करतात. पहिल्या फेरीपासून सुई बदलली तर टाका उंच आणि रुंद दोन्ही बाजूंनी सारखाच बदलतो, त्यामुळे रुमाल मोठा किंवा लहान होतो, सपाट होत नाही. किंचित वाटी होऊ लागली असेल तर पुढच्या फेऱ्यांपुरती थोडी जाड सुई घेतल्याने मदत होते, एवढेच. २० नंबरच्या दोऱ्याला १.२५ मिलिमीटरची आणि ४० नंबरच्या दोऱ्याला १ मिलिमीटरची सुई घेऊन सुरुवात करावी. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे दुकानात लक्षात ठेवावे. संपलेल्या गुंड्याच्या जागी दुसऱ्या नंबरचा गुंडा आला तर त्या फेरीपासून सगळाच हिशेब बदलतो.

आठवी पायरी: उसवणे

वरचे सर्व पाहून झाल्यावरच उसवावे, आणि रंगीत गाठ बांधलेल्या फेरीच्याही एक फेरी आत जावे. उसवलेला दोरा पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून ओला करून वाळवावा, कारण वळ्या पडलेल्या दोऱ्याने लगेच विणले की टाके लहानमोठे येतात. दोन वेळा उसवलेला दोरा चमक गमावतो आणि पिंजतो. तिसऱ्यांदा तो वापरू नये, नवीन गुंडा घ्यावा.

मधल्या फुगीर घुमटाला मात्र बाहेरून उसवून उपयोग नाही. मधले चक्र कापून पुन्हा विणण्याची युक्ती आहे, पण तिच्यात पहिल्या फेरीचे सर्व टाके मोकळे होतात. जिने ती आधी टाकाऊ तुकड्यावर चारपाच वेळा केलेली नाही तिने चांगल्या रुमालावर करू नये.

कुठे थांबावे

विणताना हाताची पकड दिवसेंदिवस घट्ट होत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट बधिर होऊन जाग येत असेल, तर बदललेल्या ताणाचे कारण हातात आहे, दोऱ्यात नाही. अशा वेळी सुई खाली ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवावा. आमच्या बैठकीतील एका मावशींच्या रुमालांना एकाएकी वाटी येऊ लागली, तेव्हा आम्ही दोन महिने त्यांचे टाके मोजत राहिलो. मनगटातली नस दबल्याचे निदान नंतर झाले. आम्ही आधी विचारायला हवे होते.

जुन्या, आजीच्या किंवा पणजीच्या हातच्या कामाला वरीलपैकी फक्त बघण्याची आणि मोजण्याची तपासणी करावी, तीही ताण न देता. दोरा पिवळा पडला असेल, हलक्या स्पर्शाने तंतू तुटत असतील किंवा गंजाचे डाग असतील तर तो रुमाल धुऊ नये, टाचू नये, खळ तर मुळीच देऊ नये. ओल्या, कुजलेल्या दोऱ्याला स्वतःचे वजनही पेलत नाही. साधा फाटलेला टाका चांगला रफूगर जोडून देतो. मोलाची आणि नाजूक वस्तू असेल तर वस्त्रसंवर्धकांकडेच जावे. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, तेथे चौकशी करता येते. नेताना रुमालाची घडी घालू नये. खळ नसलेले, धुतलेले मलमलीचे कापड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून त्यावर रुमाल सैलसर गुंडाळावा, वरून आणखी एक मलमलीचा थर द्यावा आणि तो सुती नाडीने, गाठ रुमालावर न येईल अशा बेताने, बांधावा.